पिवळ्या दिव्याची चौकशी

एकदा एक गृहस्थ ब्रेकची तक्रार घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आले. मी गाडीत बसून चावी फिरवली आणि बघते तर स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या काचेवर एक टिकली चिकटवलेली. चांगली मरून रंगाची, कडेला चमकी.

"हे काय?" मी विचारलं.

"आवं वहिनी, तितं एक पिवळा दिवा लागतोय. जत्रंपासनं. गाडी झकास पळतीया, पर त्यो सारखा डोळ्याम्होरं. मंडळी म्हणाली, थांबा, मी झाकती."

मी टिकली काढली. खाली दिवा इमानेइतबारे जळत होता. मी म्हटलं, "भाऊ, घरात कुणी ओरडायला लागलं तर त्याच्या तोंडात बोळा कोंबता का?"

त्यांनी जरा विचार केला. "कोन वरडतंय त्येच्यावर हाय," म्हणाले.

हा दिवा इंजिनाच्या आकाराचा असतो. वर्षानुवर्षं मी त्याच्याच पाठीमागे आहे. सांगलीत मिरज रस्त्याला आमचं गॅरेज आहे. इंजिनाचं काम माझे यजमान बघतात. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात आणि गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत मीही मिस्त्रीच म्हणते. वायरिंग आणि स्कॅनर माझ्याकडे. माझं माहेर साताऱ्याचं. तिथं मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, तेव्हा वर्गात मुली जेमतेम होत्या. लग्न होऊन इथं आले तर सासूबाईंना वाटलं, चला, घरचा रेडिओ तरी सुधारेल. पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले, मिस्त्री डोकं खाजवायला लागले आणि मी घरातून गॅरेजमध्ये आले ती आलेच. आता बारीक वायरींचे रंग ओळखताना चष्मा पुरत नाही, म्हणून हात थोडा आखडता घेतलाय. पण अवघड गाडी आली की अजून मलाच हाक मारतात आणि मला ते आवडतं, हे कशाला लपवू?

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आताच्या गाडीत जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. कुणी हवा मोजतो, कुणी उष्णता, कुणी दाब. ते सगळे आपापली बातमी वायरीतून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत असतात. बातमी वेडीवाकडी आली की कॉम्प्युटर तो पिवळा दिवा लावतो आणि त्या क्षणी गाडी किती वेगात होती, इंजिन किती तापलं होतं, हे आपल्या डोक्यात साठवून ठेवतो. आम्ही स्कॅनर लावला की आम्हाला एक कोड मिळतो. आणि इथंच निम्मे कारागीर फसतात. कोडमध्ये एखाद्या सेन्सरचं नाव दिसलं की ते नवा सेन्सर आणून बसवतात. अहो, घरात पंखा फिरेना म्हणून कुणी लगेच नवा पंखा आणतं का? आधी बटण बघतो, मग फ्यूज बघतो, शेजाऱ्याकडे वीज आहे का विचारतो. ओरड कुठून आली एवढंच कोड सांगतो. ती का आली, हे शोधायला माणूस लागतो.

म्हणून मी आमच्या गॅरेजमध्ये एक नियम घातला. कारण डोळ्यांनी दिसल्याशिवाय नव्या पार्टचं खोकं फोडायचं नाही. या नियमापायी मी मिस्त्रींशी भांडले आहे, गिऱ्हाइकांशी भांडले आहे आणि "बाईला काय कळतंय, बदलून टाक म्हणा" म्हणणाऱ्यांना तर चावी हातात देऊन बाहेरची वाट दाखवली आहे. मिस्त्रींचं म्हणाल तर त्यांचा जीव पान्यात. एखादं इंजिन न खोलता परत गेलं की ते दिवसभर घुम्यासारखे बसतात.

या नियमाची खरी परीक्षा एका फौजींच्या गाडीनं घेतली.

फौजी म्हणजे संपतराव, तासगाव आणि विट्याच्या मधल्या एका गावचे. सैन्यात ड्रायव्हर होते. बर्फातले, दरडीचे रस्ते तुडवून आलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठी डिझेल गाडी घेतली आणि गावातल्या आजारी माणसांना मिरजेच्या दवाखान्यांत न्यायला-आणायला सुरुवात केली. त्यांच्या गाडीतलं कायमचं माणूस म्हणजे आक्का. द्राक्षबागेवर आयुष्य काढलेली, नवऱ्यामागे बाग एकटीनं राखलेली बाई. दोन्ही किडन्या गेलेल्या, त्यामुळे एक दिवसाआड डायलिसिस. फौजी तिला सकाळी नेत, मशीनवरून उतरली की परत घरी आणत. आक्काचा एकुलता मुलगा लांब दुसऱ्या राज्यात गलाईचं, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं, दुकान चालवतो. आमच्याकडच्या पुष्कळ घरांतली मुलं याच धंद्यात आहेत, देशभर पसरलेली. तो आईला सारखा म्हणे, इकडं ये, इथं मोठी इस्पितळं आहेत. आक्काचं उत्तर ठरलेलं. बाग सोडून येणार नाही.

तर एका दुपारी फौजी आले. मागच्या सीटवर डायलिसिस करून आलेली आक्का डोळे मिटून पडली होती.

"मिस्त्री, टर्बो बसवायचा हाय," फौजी म्हणाले. "पिवळा दिवा लागतोय आन् गाडी दमच धरत न्हाई. चढाला तर बैलगाडी म्होरं जाती. दुसरीकडं सेन्सर बदलला, परत तेच. आता ते म्हणत्यात टर्बो गेला."

मिस्त्रींचे डोळे चमकले. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. तो काढायचा म्हणजे मिस्त्रींना दिवाळीच. मी मध्ये पडले, स्कॅनर लावला. आत काहीच नाही. एकही कोड नाही, पाटी कोरी.

"बॅटरीची वायर काढली होती का?"

"व्हय," फौजी अभिमानानं म्हणाले. "गाडी तपासणीला न्यायची तर टापटीप न्यायची. दिवा लागल्याली गाडी कशी आणायची तुमच्याम्होरं? बूट न घासता परेडला गेल्यावानी वाटतंय ते."

मी कपाळावर हात मारला. बॅटरीची वायर काढली की दिवा विझतो हे खरं, पण गाडीनं साठवलेलं सगळंही त्याबरोबर पुसलं जातं. मी हे समजावून सांगितलं आणि टर्बोला हात लावायला सरळ नकार दिला. फौजी वैतागले. दुसऱ्यांनी टर्बो म्हटलं, मिस्त्री नाही म्हणत नाहीत, मग तुमचंच काय मध्ये, असा त्यांचा चेहरा.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला. "तिला बगू दे रं, संपत."

आक्का उठून बसली होती. बारीक चण, उन्हानं रापलेला चेहरा, डाव्या हातावर सुया टोचल्याच्या गाठी. मी चहा विचारला तर म्हणाली, "घोटभर दे. मला पाणी मोजून हाय." घोट घेऊन ती बोलायला लागली.

"बागंत दिसभर उभं ऱ्हाऊन माजं गुडगं दुकायचं. दुकानातनं गोळी आणायची, खायची, परत कामाला. पाय सुजायला लागलं. म्हटलं, वय झालं. आनि एक गोळी. कैक वरसं गोळ्याच खाल्ल्या. रगात तपासू, लगवी तपासू, आसं माज्या कवा मनातच आलं न्हाई. तपासलं तवा सगळं संपल्यालं." तिनं कप खाली ठेवला. "आंग सांगत हुतं, पोरी. म्या ऐकलं न्हाई. आता ही गाडी माजी दुसरी किडनी हाय. हिचं तरी नीट ऐका. शोधल्याबिगर कापाकापी नगं."

फौजींनी मान खाली घातली. माझ्या बाजूनं इतकं खणखणीत आजवर कुणीच बोललं नव्हतं. आणि मला त्याच वेळी भीतीही वाटली, कारण आता मला शोधावंच लागणार होतं.

गाडी आली की मी आधी माणसाला प्रश्न विचारते. दिवा कधी लागतो? सकाळी का दुपारी? चढाला का सपाटीला? पावसात का उन्हात? फौजींनी बरीच टाळाटाळ केली आणि मग एकदम म्हणाले, "हसू नगा वहिनी. अमावस्या झाली की लागतोय."

मिस्त्री हसलेच. मी नाही हसले. गिऱ्हाईक कारण चुकीचं सांगतं, पण वेळ सहसा चुकीची सांगत नाही. "अमावस्येला गाडीचं काय करता?" मी विचारलं.

"काय न्हाई. पाण्याच्या जोरानं मस्त धुतो. नारळ, उदबत्ती. आक्का लिंबू-मिरची बांधत्यात. बास."

माझ्या कानांनी त्यातलं धुणं तेवढं उचललं. पुढच्या जाळीतून जोरानं पाणी मारलं की वायरी जिथं जोडलेल्या असतात त्या कपलरमध्ये पाणी शिरतं, हे मी शंभरदा पाहिलंय. मी कपलर उघडले. एकात थोडा ओलावा सापडलाही. तो सुकवला, साफ केला आणि फौजींना ताकीद दिली की पुढून पाणी मारायचं नाही आणि दिवा लागला तरी बॅटरीला हात लावायचा नाही. गाडी छान पळत गेली. मी त्या संध्याकाळी मिस्त्रींना जरा जास्तच ऐकवलं, टर्बो टर्बो करत होतात म्हणून.

पुढची अमावस्या झाली आणि एका सकाळी फौजींचा फोन आला. त्यांचा आवाजच वेगळा होता. गाडी धुतली नव्हती, पाण्याचा थेंब मारला नव्हता, तरी मिरजेला जाताना वाटेत दिवा लागला आणि चढावर गाडीनं अंग चोरलं. आक्का मागे बसलेली. रांगत रांगत दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या वेळेचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं. मग बाकावर वाट बघणं. अंगात पाणी साठलेलं, धाप लागलेली. फौजी सांगत होते, "तिला श्वास घ्यायला येत नव्हता वहिनी, आन् मी नुसता हुबा."

आक्का त्यातून तरली. पण मुलाला कळायचं ते कळलं. त्यानं निकाल दिला. अजून एकदा जरी ही गाडी बंद पडली तर मी येतो आणि आईला घेऊन जातो, बागेचं काय ते नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी फौजींनी गाडी आणली. या वेळी दिवा जळत होता, बॅटरीला हात लावलेला नव्हता. आक्काही बरोबर आली होती, डायलिसिसचा वार नसताना. मी म्हटलं, "आक्का, आराम करायचा की."

"मला माज्या कानानं ऐकायचंय," ती म्हणाली आणि गॅरेजच्या दारातल्या खुर्चीत ठिय्या देऊन बसली. बसल्या बसल्या तिनं मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"ताई, टर्बो बदला, सेन्सर बदला, सगळं नवं टाका," तो तिकडून घाईनं म्हणाला. "खर्चाकडं बघू नका. आईचा जीव हाय त्यात."

मी विचारलं, "तुमच्या दुकानात कुणी दागिना आणला तर आधी काय करता? मुशीत टाकता?"

"न्हाई. आधी कस लावतो."

"का?"

त्याला मुद्दा कळला. मग म्हणाला, "लावा कस. पर आज छडा लागला पायजे."

मलाही तो आजच लावायचा होता. बाकीच्या गाड्या बाहेर काढल्या, शटर निम्मं ओढलं आणि मिस्त्रींना म्हटलं, "सापडेपर्यंत दुसरं काम घ्यायचं नाही." मिस्त्री गुपचूप हात पुसून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं भांडतो खूप, पण अशा वेळी त्यांनी मला कधी एकटीला सोडलेलं नाही.

स्कॅनरनं कोड दिला तो हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. सेन्सर नवाच होता. तो बसतो पुढच्या जाळीच्या मागे, टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या पाइपवर. त्याला तीन वायरी असतात. एकीतून वीज जाते, एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, आणि एकीतून बातमी परत येते. मी मल्टिमीटर लावला. वीज बरोबर, जमीन बरोबर, बातमीही बरोबर. उभ्या गाडीत सगळं शहाण्यासारखं चाललेलं.

पण दिवा लागला त्या क्षणाची माहिती या वेळी शाबूत होती आणि त्यात एक गोष्ट होती. गाडी त्या वेळी अगदी हळू होती, इंजिनावर फारसा जोरही नव्हता. टर्बो गेला असता तर बोंब जोर लावताना व्हायला हवी होती. ही बोंब हळू चालताना झाली होती, म्हणजे बहुधा एखाद्या खड्ड्यात.

"चला," मी म्हटलं. मिस्त्री चालवायला, मी शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन. उसाच्या ट्रॅक्टरनी वाट लावलेला एक कच्चा रस्ता आम्हाला ठाऊक होता. पहिला मोठा खड्डा आला आणि स्क्रीनवरचा दाबाचा आकडा धपकन शून्यावर जाऊन परत वर आला. मिस्त्रींनी मुद्दाम पुढचा खड्डा घेतला. पुन्हा तेच.

"वायर," मिस्त्री म्हणाले. टर्बोचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही.

गॅरेजमध्ये परत आल्यावर मिस्त्रींनी पुढचा बंपर धरून हलवला. आकडा नाचला. वरची बाजू हलवली, काही नाही. मधली हलवली, काही नाही. खालची जाळी हलवली आणि आकडा पडला. तिथं जाळीला लिंबू-मिरची टांगलेली होती. ताजं पिवळं लिंबू, हिरव्या मिरच्या, खाली काळा बिब्बा. आणि ते बांधलेली तार जाळीतून आत गेलेली होती.

आम्ही सगळे तिथंच थांबलो.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात थांबण्यासारखं काय? पण आमच्याकडे दुसऱ्यानं बांधलेल्या लिंबाला कुणी हात लावत नाही. गाडी धुणारा त्याच्या भोवतीनं पाणी मारतो. सर्व्हिसिंगवाला बंपर पुसतो, पण तेवढी जागा सोडून. ज्यानं आधी सेन्सर बदलला त्यानंही वरून हात घालून वाकड्या मानेनं बदलला असणार, पण लिंबू काढून समोरून बघितलं नसणार. मी स्वतः नवस-उतारे मानणारी नाही. तरी लहानपणी साताऱ्यात तीन रस्त्यांच्या तिकटीवरचं लिंबू पायानं उडवलं म्हणून आईनं दिलेला धपाटा माझ्या पाठीला अजून आठवतो. मागच्या वेळी मी कपलर उघडले तेव्हा माझाही हात त्या लिंबाला वळसा घालून गेला होता. मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री हळूच म्हणाले. "वरनं बघू."

वरून काही दिसत नव्हतं. बंपर काढायचा तर तार सोडावी लागणार होती. फौजी माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होते आणि ते लिंबासाठी नव्हतं. दारातल्या खुर्चीकडे त्यांची नजर जात होती.

"काय झालं? का सगळी गप बसली?" आक्कानं विचारलं.

"काय न्हाई आक्का," फौजी म्हणाले. "तुमी चला, तुमास्नी घरला सोडून येतो. हितं येळ लागंल."

"संपत, मला यडी समजतोस व्हय?"

मला खोटं बोलता आलं असतं. वायर आतून झिजली होती, जोडली, असं सांगून बाईला घरी पाठवता आलं असतं. पण मग पुढच्या अमावस्येला ती पुन्हा तार घेऊन बसली असती. मी म्हटलं, "आक्का, दोष लिंबाच्या मागं हाय असं दिसतंय. काढल्याशिवाय कळायचं न्हाई."

तिनं लिंबाकडे बघितलं. मग खुर्चीचे हात धरून उठली. "म्या बांधलंय. मीच सोडती."

मिस्त्रींनी तिला बसायला बुटकं स्टूल दिलं. मी पक्कड पुढे केली. तिनं ती उजव्या हातात घेतली. डावा हात तिनं मांडीवर तसाच ठेवला, कारण सुयांच्या हातावर भार द्यायला डॉक्टरांनी मना केलेलं. एका हातानं तार सोडणं तुम्हाआम्हाला जमणार नाही. पण ही बाई जन्मभर द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ओढत आलेली. पक्कड, बोटं, पक्कड, बोटं, असं करत तिनं पीळ उलगडला. ती तार मांडवाचीच होती, जाड, जस्त चढवलेली. मी विचारलं, "आक्का, लोक दोऱ्यानं बांधतात. तुम्ही तारेनं का?"

"दोरा तुटतोय की गं. वाटंत लिंबू पडलं म्हंजे?" ती म्हणाली. "बागंत बी माजी गाठ कवा सुटली न्हाई."

लिंबू तिनं काढून पदरात घेतलं. मिस्त्रींनी बंपर उतरवला. आत टॉर्च मारून बघितलं आणि सगळं समोर आलं. गाडीची वायर ज्या काळ्या, कंगोरेदार नळीतून जाते, ती नळी आक्काला तार गुंडाळायला पक्का आधार वाटली होती. दर अमावस्येला ती नवी तार त्याच जागी पिळून आवळायची. जुन्या तारांचे तुकडेही तिथंच अडकलेले. एका तुकड्याच्या टोकानं नळी कापून आतल्या वायरीचं साल काढलं होतं. उघडं तांबं चमकत होतं. तार नवी आवळली की दाब पडायचा, मग खड्ड्याला तार तांब्याला टेकायची, बातमी तारेतून गाडीच्या पत्र्यात, म्हणजे जमिनीत जायची आणि कॉम्प्युटर घाबरून गाडीचा दम काढून घ्यायचा.

मी आक्काच्या समोर तो तुकडा एका बोटानं तांब्याला टेकवला. स्क्रीनवर शून्य. काट्यांच्या मागे पिवळा दिवा.

दर वेळी दिवा लागल्यावर काय होत असेल ते मला आता कळलं. फौजी आक्काला सांगत आणि आक्का पुढच्या अमावस्येला लिंबू आणखी घट्ट बांधत असे.

"म्हंजे मीच," आक्का म्हणाली.

"तुम्ही न्हाई आक्का. तार."

"तार काय आपल्या पायानं आली व्हय गं?"

फौजी, ज्यांनी काय काय बघितलं असेल देव जाणे, ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. आक्का मात्र रडली नाही. तिनं त्या कापलेल्या नळीवरून बोट फिरवलं, बागेतली रोगट फांदी बघावी तसं, आणि म्हणाली, "सापडलं न्हवं? मग बसलाय काय? जोडा."

आम्ही जोडलं. वायरीला सोल्डरिंगचा डाग दिला, वरून प्लास्टिकची बाही चढवली, नवी नळी घातली आणि ती आतल्या बाजूनं फिरवून नेली. टर्बोला कुणी शिवलंही नाही. पुन्हा त्याच उसाच्या रस्त्यावर गेलो, या वेळी आक्का मागच्या सीटवर. मिस्त्रींनी एक खड्डा सोडला नाही. आकडा जागचा हलला नाही. आक्का मागून ओरडली, "आरं, गाडी धड झाली म्हंजे आता मला मोडतोस व्हय?"

निघताना तिनं पदरातलं लिंबू काढून हातात धरलं. "आता बांधायचं न्हाई का?"

फौजी म्हणाले, "न्हाई बांधलं तर चालंल की आक्का."

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, हे बरोबर नाही. त्या बाईच्या हातात गाडीसाठी करण्यासारखं एवढंच होतं. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी नंबर प्लेटच्या चौकटीच्या कडेला, वायरींपासून लांब, एक छोटा हूक बसवून दिला. मी आतून सुती दोरा आणला. "इथं बांधा आक्का, दोऱ्यानं. तुटला तर तुटू दे. परत बांधा."

तिनं बांधलं. गाठ एका हाताची होती, पण पक्की होती.

मुलाचा फोन आला, काय काय बदललं म्हणून. मी म्हटलं, "काही नाही. एक वायर जोडली." मग त्यानं विचारलं, "मग आई हितंच ऱ्हाणार?" मी फोन आक्काला दिला. ती म्हणाली, "छाटणीला ये. कामाला माणूस कमी हाय."

पुढच्या अमावस्येनंतर दवाखान्यातून परतताना फौजींनी गाडी आमच्या दारात थांबवली. आक्का उतरली, हातात लिंबू-मिरची आणि दोरा. मला वाटलं गाडीचं बांधायचं राहिलं असेल. पण ती सरळ गॅरेजच्या पाटीकडे गेली. "तुज्या दुकानाला कुणाची नजर नगं," म्हणाली. मी यातलं काही मानत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं विचारलंच नाही. तेव्हापासून दर अमावस्येनंतर ती येऊन जुनं सोडायची आणि नवं बांधायची. बांधणाऱ्यानंच सोडायचं असतं, म्हणून तिचं तिलाच यावं लागे.

तो दिवा त्या गाडीत पुन्हा लागला नाही. दिवा न लागताही माणसाचं आयुष्य संपतं. आक्का गेली ती तिच्या स्वतःच्या घरात, खिडकीतून बाग दिसते त्या खोलीत, मुलगा उशाशी असताना. आदल्या दिवशीसुद्धा फौजींनी तिला मिरजेला वेळेवर नेलं आणि वेळेवर परत आणलं होतं. फौजी मला हे सांगायला आले तेव्हा कडक प्रेस केलेले कपडे घालून आले होते. बोलून झाल्यावर ते तसेच ताठ उभे राहिले आणि मग स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

आमच्या पाटीला तिनं शेवटचं बांधलेलं लिंबू अजून आहे. वाळून काळं पडलंय, मिरच्यांचं नुसतं साल उरलंय. गॅरेजला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं ब्रश त्याच्या भोवतीनं फिरवला. जिनं बांधलं ती सोडायला येणार नाही.

रोज सकाळी शटर उघडलं की मी ते एका बोटानं बाजूला करते, मागे काही आहे का ते बघते आणि परत जागेवर येऊ देते. मग पहिल्या गाडीचं बॉनेट उघडते.